झाडाखाली खराटा नको

परवा शाळेच्या समारंभात एका पाहुण्यांनी आमच्या मुख्याध्यापिका बाईंना मायाळू म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. भिंतीवर बाईंचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती, आणि हे गृहस्थ सांगताहेत, "बाईंच्या मायेच्या सावलीत कितीतरी फुलं उमलली." मी पहिल्या रांगेत बसले होते. वय झालं की पहिल्या रांगेत बसवतात, बोलू मात्र देत नाहीत. बाई मायाळू नव्हत्या. रागीट होत्या, तिरसट होत्या, आणि स्वतःच्या फोटोला हार घातलेला त्यांनी उपटून खिडकीबाहेर फेकला असता. ज्या गावानं त्यांना टांग्यात बसवून घालवलं, त्या गावानं त्यांच्या मायेवर भाषणं करू नयेत. निदान मी जिवंत आहे तोवर तरी करू नयेत.

आमची मुलींची शाळा एका जुन्या बंगल्यात भरायची. भोवती मोठं आवार. आवारात चिंचा, कडुनिंब आणि मागच्या भिंतीला लागून एक अवाढव्य उंबर. सोलापुरात फाल्गुनापासून जमीन तापायला लागते, पण त्या झाडांखाली ऐन उन्हाळ्यातही पायाला गारवा लागायचा. आणि तिथं फुलं असायची. अबोली सगळ्यात जास्त, मग गुलबक्षी, पावसाळ्यात तेरडा. कुणी लावलेली नव्हती. वाऱ्यानं आली असतील, पाखरांनी आणली असतील, मागच्या घरांतल्या बायका उंबराच्या बुंध्याशी देवाचं निर्माल्य आणून टाकायच्या, त्यातूनही काही रुजली असतील. निर्माल्य पायदळी येऊ द्यायचं नाही, नदी गावापासून लांब, मग झाडाचा बुंधा ही सगळ्यांच्या सोयीची जागा.

बाईंचा हुकूम एकच होता. झाडाखाली खराटा लावायचा नाही. बाकी आवार झाडा, सडा घाला, काय वाटेल ते करा, पण सावली पडते तेवढ्या जागेत खराटा नको. आमचे शिपाईचाचा यावर कायम कुरकुरायचे. "बाईसाब, मेरेकू पगार झाडू मारने का मिलता, और झाडू मारना नक्को बोलते." बाई म्हणायच्या, "मग आजचा पगार न मारण्याचा समजा." शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हाही झाडांखाली पालापाचोळा तसाच. एका साहेबांनी विचारलं, "ही अस्वच्छता का?" बाईंनी उत्तर दिलं, "अस्वच्छता नाही. इथं कोण येतंय ते बघतेय मी."

त्या खरंच बघायच्या. सकाळी शाळेत आल्या की आधी झाडांखाली जायच्या, हातातल्या छत्रीच्या टोकानं पाला बाजूला सारायच्या, आणि वाकून विचारायच्या, "आज कोण आलं?" नवं रोप दिसलं की शेजारी काडी रोवायच्या, काडीला चिंधी बांधायच्या. त्या चिंधीला वळसा घालून चालायचं, अशी आम्हाला सक्त ताकीद. पावसाळा संपेपर्यंत फाटकापासून वर्गापर्यंतची वाट इतकी वेडीवाकडी व्हायची की नवी मुलगी हमखास चुकायची आणि बाईंचं बोलणं खायची. रोपांची हजेरी झाली की मग आमची. आमच्या हजेरीलाही पटावर नजर नसायची. सगळी नावं पाठ, आणि नाव घेतल्यावर "हजर" हा शब्द खणखणीत आला नाही तर तेच नाव पुन्हा, पुन्हा, ती मुलगी रडकुंडीला येईपर्यंत. "आली आहेस ना? मग पुटपुटतेस कशाला? चोरून आली आहेस का?"

खरं तर आम्ही बऱ्याच जणी चोरूनच आलो होतो. मी शेजारच्या नरसम्माच्या मागे मागे गेले आणि मागच्या बाकावर बसले. बाईंनी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं नाही, की कशाला आलीस हेही विचारलं नाही. पटावर चढवलं आणि म्हणाल्या, "बोलावलं नव्हतं, आलीस. आता बस." काही दिवसांनी माझे वडील रागारागानं शाळेत आले. आम्ही पद्मसाळी, घरात तेलुगू बोलणारे. घरातला माग लुगडी विणायचा तेव्हा आम्हाला दोन वेळचं जेवण मिळायचं, आणि मागाला सुताच्या कांड्या भरून देणं हे मुलींचं काम. वडील म्हणाले, "बाई, आमाला न विचारता पोरीचं नाव घातलं कसं?" बाई म्हणाल्या, "मी तिला आणली नाही. तिच्या पायानं आली. जायचं असेल तर तिच्या पायानं जाईल. विचारा तिला." वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी बाकाला घट्ट धरून बसले होते. ते परत गेले.

लावलेल्या फुलांचा मात्र बाईंना मनस्वी तिटकारा. शाळेच्या कमिटीतल्या एका धनिकांनी पुण्याहून गुलाबाच्या कुंड्या मागवून भेट दिल्या. बाईंनी त्या फाटकाशी उन्हात ओळीनं मांडून ठेवल्या आणि पाणी घालायला सगळ्यांना मनाई केली. "ज्यांनी पाठवले त्यांनी येऊन पाणी घालावं." गुलाब वाळून काटक्या झाले तरी कुंड्या तिथंच. धनिक शाळेत आले की त्या काटक्यांसमोरून त्यांना आत यावं लागायचं. हा शुद्ध दुष्टपणा होता. मायाळू म्हणणाऱ्यांनी त्या कुंड्या बघायला हव्या होत्या.

आणि तरी त्या फुलांवरच शाळा चालली होती. आमच्या घरांतून मुलीची वेणी बिनफुलाची असली तर आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. पण बाजारातला गजरा रोज कुठून येणार? बाईंचा नियम असा की शाळेत आलेल्या मुलीनं सुटताना झाडाखालचं एक फूल घ्यायचं. गैरहजर राहिली तर नाही. अबोलीचं एक फूल वेणीत खोचून घरी जाणारी मुलगी बघून शेजारची मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत यायची. अशी आमची शाळा भरली. बाई स्वतः फुलाला हातही लावायच्या नाहीत. बालविधवा होत्या. पांढरं पातळ, मानेवर घट्ट अंबाडा, हातात छत्री. छत्रीनंच दाखवायच्या, "ते घे. ते नको, ते कळी आहे अजून, दिसत नाही का तुला?"

आता रावसाहेबांबद्दल. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे राहायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, गावात मान, रोज सकाळी पार्थिव शिवलिंगाची पूजा, पूजेचा घंटानाद आमच्या वर्गात ऐकू यायचा. त्यांची नात आमच्याच वर्गात. तिचं लग्न कुर्डुवाडीच्या एका रेल्वेतल्या मुलाशी ठरलं होतं. साखरपुडा झाला, मानपान झाला, आणि मुलाकडून नकार आला. कारण साऱ्या पेठेला माहीत होतं. मुलाच्या मनात कुर्डुवाडीतलीच दुसरी होती, आणि पुढे त्यानं तिच्याशीच लग्न केलं. पण रावसाहेबांच्या नातीला कुणी नाकारतं म्हणजे काय? नकाराला कारण हवं, आणि ते रावसाहेबांच्या घरातलं नसावं.

ते कारण त्यांना उंबराखाली सापडलं. त्यांनी गावात सांगायला सुरुवात केली. त्यांच्या घरचं शिवनिर्माल्य वर्षानुवर्षं त्या बुंध्याशी पडतं. शिवनिर्माल्य ओलांडूसुद्धा नये. मग त्यातून उगवलेलं झाड म्हणजे शिवनिर्माल्यच, आणि त्याचं फूल तर निर्माल्यच. ते बाई कुमारिकांच्या डोक्यात घालायला देतात. मग लग्न मोडेल नाही तर काय होईल?

मला आजही हे लिहिताना संताप येतो. कारण हे कुणालाच खुळचट वाटलं नाही. पेठेत एरवी कानडी घरं, तेलुगू घरं, मराठी घरं यांचं एका विहिरीवरून पटायचं नाही. यावर मात्र तिन्ही भाषांत एकमत झालं. आमच्या वर्गातल्या गौरव्वाचं लग्न लांबलं होतं, तेही फुलानंच. नरसम्माला ताप आला, तोही फुलानंच. बायका माझ्या आईला येऊन सांगायला लागल्या, "तुमच्या पोरीनं तर लई दिवस घातलीत की ती फुलं." आईनं माझी वेणी सोडली, केस राख लावून धुतले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी घरी. त्या वर्षी मी फायनलच्या परीक्षेला बसणार होते. ती परीक्षा पास झाली की मुलीला मास्तरीण होता यायचं. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तिथवर पोचली नव्हती. मी पोचायच्या बेताला होते, आणि एका फुलानं मला पुन्हा कांड्या भरायला बसवलं.

वर्ग रिकामे पडले. कमिटीनं बाईंना बोलावलं. शिपाईचाचा दाराशी उभे होते, त्यांच्याकडून पुढे सगळं कळलं. कमिटीचं म्हणणं साधं होतं. झाडांखालचं सगळं उपटा, जागा खणून काढा, शेणानं सारवा, एक छोटी शांती करू, मुली परत येतील. बाई म्हणाल्या, "मी ती जागा झाडली, की फुलानं लग्न मोडलं हे मी कबूल केलं. मग पुढच्या वेळी कुणाचं काही मोडलं की काय झाडायचं? बेरीज-वजाबाकी? की ह्या मुलीच?" कमिटीतले एक म्हणाले, "बाई, हट्ट सोडा. मुलींचं नुकसान होतंय." बाई म्हणाल्या, "नुकसान तुम्ही करताय आणि खराटा माझ्या हातात देताय." आणि छत्री उचलून बाहेर आल्या.

हे ऐकून तुम्हाला बाईंचं कौतुक वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही. मी मागाशेजारी कांड्या भरत बसले होते आणि मनातल्या मनात बाईंना शिव्या देत होते. काय बिघडलं असतं एक खराटा मारला तर? रोपं पुन्हा येतात. परीक्षा पुन्हा येत नाही, वडील पुन्हा तयार होत नाहीत. तत्त्व बाईंचं, आणि बोटं माझी सुतानं कापायची. मी रावसाहेबांवर चिडले होते, आईवर चिडले होते, पण सगळ्यात जास्त बाईंवर. कारण बाकीच्यांकडून माझी काही अपेक्षाच नव्हती.

मग एका दुपारी बाई आमच्या घरी आल्या.

आमचा खड्डामाग. विणकर खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या पातळीवर बसतो, त्यामुळे दारात कुणी उभं राहिलं की आधी पाय दिसतात. वडिलांना आधी चपला दिसल्या, मग छत्रीचं टोक, मग पांढरं पातळ. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या हातातला धोटा थांबला. बाईंच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा होता. लहानसा नाही, चांगला भरघोस, कानापासून कानापर्यंत. तो घालून त्या भर दुपारी, भर बाजारातून चालत आल्या होत्या. त्यांच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं उभी होती.

आई आतून आली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. "अय्यो बाई, हे काय केलं तुमी?"

"का? काय चुकलं?" बाईंचा आवाज वर्गातलाच होता, खणखणीत. "ही फुलं देवाला चालत नाहीत. कुमारिकेला चालत नाहीत. सवाष्णीला चालत नाहीत. मग उरलं कोण? मीच उरले. फुलं वाया कशाला घालवायची?"

वडील खड्ड्यातून उठायला लागले. बाई म्हणाल्या, "बसा तुम्ही. फुलानं लग्न मोडतं म्हणता ना? माझं मोडायचं होतं ते कळायच्या आतच मोडलं. तेव्हा माझ्या डोक्यात यातलं एकही फूल नव्हतं. मोगरा होता, बाजारातला, ब्राह्मणानं मंत्र म्हणून घातलेला. त्याचं कुणी नाव घेतं का?"

वडील म्हणाले, "आमी गरीब मानसं बाई. पोरीचं लगीन व्हायचं हाय. लोकं बोलत्यात."

"आता माझ्याबद्दल बोलतील," बाई म्हणाल्या. "भरपूर बोलतील. तुमच्या पोरीबद्दल बोलायला त्यांना उसंत मिळायची नाही."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. म्हणाल्या, "अपूर्णांक कच्चे आहेत तुझे. कांड्या भरताना तोंडानं सोडव. परीक्षा लांब नाही." आणि निघून गेल्या. गल्लीनं त्यांना वाट करून दिली, जशी आजाऱ्याला देतात तशी.

त्यानंतर रोज. रोज गजरा, रोज वेगळी गल्ली. आज साखरपेठ, उद्या चौक, परवा रावसाहेबांच्या घरासमोरून पूजेच्या वेळेला. गाव पेटलं. निर्माल्याचं नावही कुणी घेईना. विधवा बाई फुलं घालून गावभर हिंडते, हिच्या हाताखाली आमच्या मुली शिकतात, एवढाच एक विषय. आणि गावाची बुद्धी कशी चालते ते बघा. आता लोक म्हणायला लागले, फुलांत काय दोष असणार, बिचारी मुकी जात. दोष त्या बाईचाच. अशी बाई मुख्याध्यापिका असल्यावर लग्नं मोडणार नाहीत तर काय? रावसाहेबही मान डोलवायला लागले. त्यांना कारण हवं होतं. पहिल्यापेक्षा चांगलं मिळालं.

कमिटीनं बाईंना काढून टाकलं. पुण्याहून दुसऱ्या मुख्याध्यापिका आल्या, कुंकू लावणाऱ्या, नवऱ्याचं नाव लावणाऱ्या. घराघरांत निरोप गेला की शाळा आता शुद्ध आहे, मुली पाठवा. माझ्या वडिलांनी आईकडे बघितलं, आईनं माझी वेणी घातली, आणि मी परत शाळेत गेले. त्या वर्षी परीक्षेला बसले. पास झाले. अपूर्णांकांत एकही चूक नव्हती. पुढं जन्मभर मास्तरीण म्हणून भाकरी खाल्ली.

बाईंनी हे ठरवून केलं का, असं मला विचारतात. सगळा राग आमच्यावरून काढून स्वतःवर घेतला का? समारंभातले पाहुणे याला त्याग म्हणाले असते. मी म्हणणार नाही. मी त्या दुपारी त्यांचं तोंड बघितलं आहे. त्यांच्या तोंडावर त्यागबिग काही नव्हतं. त्या चिडल्या होत्या. माणूस इतका चिडू शकतो आणि तरी अपूर्णांक विसरत नाही, हे मी तिथं बघितलं. त्याला काय नाव द्यायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण माया नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या झाडांखाली काय उगवलं, हेही लोक विचारतात. ते मी कधीच सांगत नाही. ऐकून त्यांना बरं वाटेल, आणि त्यांना बरं वाटावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

शेवटचा दिवस तेवढा सांगते. नव्या बाईंनी येताच पहिलं काम काढलं ते झाडांखालचं. फुलांत दोष नाही असं आता सगळं गाव म्हणत होतं, तरी खराटा फुलांवरच. शिपाईचाचांनी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. "मेरेसे नक्को होता," म्हणाले आणि पाण्याच्या माठाशी जाऊन बसले. मग खराटे आम्हा मुलींच्या हातात दिले. परत आलेल्या सगळ्या मुली. चिंध्या बांधलेल्या काड्या आम्हीच उपटल्या आणि एका कोपऱ्यात रचल्या.

तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. बाई स्टेशनवर निघाल्या होत्या. जेऊरला त्यांचा एक भाऊ शेती करायचा, त्याच्याकडे. मागे ट्रंक बांधलेली, अंबाड्यात गजरा. टांगेवाल्याला थांबायला सांगून त्या उतरल्या आणि आवारात आल्या. वेड्यावाकड्या वाटेनं आल्या, जिथं जिथं चिंधी असायची तिथं तिथं वळसा घालून. चिंध्या आता नव्हत्या. आम्ही खराटे धरून तशाच उभ्या राहिलो. नव्या बाई व्हरांड्यातून काहीतरी म्हणाल्या. बाईंनी तिकडे बघितलंही नाही.

त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. हातात पट नव्हता. नरसम्मा. हजर. शांता. हजर. गौरव्वा. हजर. रावसाहेबांच्या नातीचं नाव घेतलं. ती पुटपुटली. बाईंनी तेच नाव पुन्हा घेतलं, अन् पुन्हा, ती "हजर" असं ओरडेपर्यंत. एकेक करत सगळी नावं झाली. माझं शेवटी आलं. मी हजर म्हणाले, आणि माझा आवाज भिंतीपलीकडे गेला असावा, कारण रावसाहेबांची घंटा मध्येच थांबली.

बाईंनी आमच्यावरून एकदा नजर फिरवली. एकही गैरहजर नव्हती. मग त्यांनी झाडांखाली बघितलं. ओठ आवळले. मला वाटलं, आता आमची खरडपट्टी काढतील.

"मारा आता खराटा," त्या म्हणाल्या. "आणि असा धरतात का गं? वाका जरा. झाडायचंच आहे तर नीट झाडा, कोपरे सोडू नका."

टांगा वळेपर्यंत त्या आमच्याकडे बघत होत्या, म्हणून आम्ही वाकून नीट झाडत राहिलो.